घाम आमचा, कर्णधारपद कोणाचे?

जून-जुलैत महाविद्यालये सुरू झाली, पावसाने उघडीप दिली की जळगाव-धुळ्याच्या मैदानांवर निवड चाचण्यांचा हंगाम सुरू होतो. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, क्रिकेट. सूचनाफलकावर यादी लागते आणि पोरे त्या फलकाभोवती गर्दी करतात. कोणाचे नाव संघात आले, कोण राखीव खेळाडूंत गेला आणि सर्वांत वर, ज्याच्या नावापुढे कंसात ‘कर्णधार’ लिहिले आहे, तो कोण? या यादीकडे आपल्या चळवळीतल्या माणसांनी आजवर फारसे लक्ष दिलेले नाही. शिष्यवृत्ती, वसतिगृह, प्रवेश, रोस्टर यांवर आपण मोर्चे काढले, निवेदने दिली, न्यायालयात गेलो. मैदानाचा प्रश्न मात्र ‘पोरांचा खेळ’ म्हणून सोडून दिला. ही यादी कशी बनते, कोण बनवतो आणि तिच्यात आपली मुले नेमकी कोणत्या जागेवर असतात, हे आता विचारण्याची वेळ आली आहे.

कारण ही यादी नुसत्या हौसेची नाही. महाविद्यालयाच्या संघातून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तेथून विद्यापीठाचा संघ, मग आंतरविद्यापीठ स्पर्धा अशी ती शिडी आहे. जळगावचे विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले, २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या मुलांची शिडी तेथूनच जाते. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. म्हणजे ज्या पोराचे नाव महाविद्यालयाच्या यादीतच आले नाही, त्याची शिडी पहिल्याच पायरीवर काढून घेतली गेली. केळीच्या बागेत रोजाने जाणाऱ्या आईचा मुलगा ‘कलर होल्डर’ झाला तर त्याच्या घराचा इतिहास बदलतो. म्हणून हा प्रश्न पोटाचा आहे, आणि तितकाच मानाचाही आहे.

मैदानावर दोन प्रकारच्या जागा असतात. एक घाम गाळायची जागा आणि दुसरी निर्णय घ्यायची जागा. घाम गाळायच्या जागेवर आपल्या माणसाला प्रवेश मिळतो, कारण तेथे त्याची गरज असते. ताकद हवी, वेग हवा, उन्हात दिवसभर राबायची तयारी हवी, की हाक येते. परंतु डावपेच कोण ठरवणार, चेंडू कोणाच्या हाती द्यायचा हे कोण सांगणार, नाणेफेकीला कोण जाणार आणि करंडक कोणाच्या हातात पडणार, हे प्रश्न आले की अचानक अनुभव, स्वभाव, घराणे, ‘बोलता येणे’ असे निकष उगवतात. व्यवस्था मैदानातही आपली उतरंड सोबत घेऊन उतरते. याचा सर्वांत लख्ख पुरावा आपल्याच महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी घडलेला आहे. तो पुरावा आपल्या मुलांना कोणत्याही पाठ्यपुस्तकाने धडपणे सांगितलेला नाही.

बाळू पालवणकर. जन्म धारवाडचा, घराणे कोकणातले, जात चांभार, वडील पुण्यात लष्कराच्या चाकरीत. पुण्यातल्या पारशांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडण्याचे, रोलर फिरवण्याचे काम या पोराने महिना ३ रुपयांवर धरले. १८९२च्या सुमारास तो इंग्रजांच्या क्लबात गेला. पगार ४ रुपये. तेथे जाळी लावायची, मैदान आखायचे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा इंग्रज कप्तान त्याच्याकडून तासन् तास गोलंदाजी करून घेई, आणि बाद केल्यास आठ आणे देई, असे सांगतात. साहेबाचा सराव होत गेला आणि त्याबरोबर बाळूचा डावखुरा हातही घडत गेला. पण एवढ्या वर्षांत त्याच्या हातात फलंदाजीसाठी बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी हा साहेबांचा आणि सरदारांचा मान; चेंडू टाकणे हे नोकराचे काम. वाचकहो, हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास याच कामाच्या वाटणीतून उलगडतो.

पुण्याच्या हिंदू संघाला इंग्रजांना हरवायचे होते आणि हरवू शकणारा गोलंदाज तर अस्पृश्य! घ्यावा की न घ्यावा यावर बरीच खळखळ झाली. शेवटी घेतला. म्हणजे काय केले? मैदानात त्याने हाताळलेला तोच चेंडू सगळ्यांनी हाताळला. त्याने बळी घेतला की टाळ्या वाजवल्या. आणि चहाची वेळ झाली की त्याला पॅव्हिलियनच्या बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला. जेवण वेगळ्या पानावर, वेगळ्या जागी. तोंड धुवायला पाणी द्यायलाही अस्पृश्य नोकरच. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता! न्यायमूर्ती रानड्यांनी तेव्हाच जाहीरपणे बजावले होते की, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यालाही तयार असले पाहिजे.

पुढे बाळू मुंबईला आले. रेल्वेत नोकरी, हिंदू जिमखान्याचा संघ. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्या काळचे भारतातले सर्वश्रेष्ठ गोलंदाज तेच होते, हे आज क्रिकेटचा कोणताही इतिहासकार नाकारत नाही. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, एका बळीला सरासरी १५ धावा.

आता विचारा, हा माणूस हिंदू संघाचा कर्णधार किती वेळा झाला? एकदाही नाही. १९१०पासून १९२०पर्यंत, वर्षामागून वर्ष, ही मागणी होत राहिली आणि वर्षामागून वर्ष ती डावलली गेली. १९१३ साली एम. डी. पै यांना कर्णधार करण्यात आले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या सत्कारात सांगून टाकले की, हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी खेळाडू म्हणून आपल्या मित्राला, बाळूला मिळायला हवा होता. ज्याला मान मिळाला त्यालाही अन्याय दिसत होता, निवड करणाऱ्यांना मात्र दिसत नव्हता.

आणि मग १९२० साल उजाडले. स्पर्धेच्या पहिल्या सामन्याआधी बाळूंना संघातून वगळले. पै आजारी होते, म्हणून कर्णधारपद रिकामे झाले. बाळूंचे धाकटे भाऊ शिवराम आणि विठ्ठल हे दोघेही संघात होते, दोघेही दर्जेदार फलंदाज, दोघांचाही हक्क होता. निवड झाली ती पुण्याच्या दि. ब. देवधरांची. देवधर मोठे खेळाडू होते, त्यांच्या बॅटीबद्दल आपली तक्रार नाही. पण प्रश्न ज्येष्ठतेचा आणि न्यायाचा होता. तेव्हा या दोन भावांनी जे केले ते आपल्या प्रत्येक खेळाडूने पाठ करावे. त्यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली बाजू वृत्तपत्रातून जाहीरपणे मांडली. हा जातीमुळे केलेला अपमान आहे आणि तो सहन करून आम्ही खेळणार नाही, ही त्यांची भूमिका होती. रडले नाहीत, विनवण्या केल्या नाहीत. अस्पृश्यतेचा प्रश्न देशभर गाजू लागला होता, लोकमत तापले. पारशांविरुद्धच्या सामन्यासाठी पै कर्णधार म्हणून परतले, बाळूंना उपकर्णधार करावे लागले, दोघे भाऊ संघात आले आणि पै यांनी काही काळ मैदान सोडून बाळूंना नेतृत्व करू दिले. दहा वर्षांच्या हक्काची भरपाई ती एवढीच!

परंतु दार ढकलले गेले होते. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. १९२५ आणि १९२६ सालीही त्यांच्याच नेतृत्वाखाली विजय मिळाला. ‘यांना नेतृत्व जमणार नाही’ म्हणणाऱ्यांना चार वर्षांत तीन विजेतेपदांचे उत्तर मिळाले. विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहून ठेवले, ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. किती वाचनालयांत ते आहे? आपल्या किती विहारांच्या कपाटात आहे? देवधरांच्या नावाने १९७३ पासून राष्ट्रीय स्पर्धा झाली. बाळू आणि विठ्ठल यांच्या नावाने कोणती?

येथे आपल्यातले काही कार्यकर्ते लगेच भुवया उंचावतील, हे मला माहीत आहे. ‘हे तेच ना, जे बाबासाहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभे राहिले?’ होय, तेच. १९३२ साली संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने ते गांधींच्या गोटात उभे राहिले, पुणे कराराच्या कागदावर त्यांचीही सही आहे. १९३७च्या निवडणुकीत मुंबईच्या भायखळा-परळ मतदारसंघात काँग्रेसने त्यांनाच बाबासाहेबांपुढे उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. जनतेने आपला नेता निवडला. बाळूंची राजकीय वाट आपल्याला मान्य नाही, ती तेव्हाही मान्य नव्हती. पण थोडा विचार करा. ज्या समाजाने या माणसाला दहा वर्षे अकरा खेळाडूंचे कर्णधारपद दिले नाही, त्याच समाजाच्या पुढाऱ्यांना बाबासाहेबांना पाडायचे होते तेव्हा मात्र हाच माणूस पुढारी म्हणून आठवला! क्रिकेटच्या मैदानात नेतृत्वाला नालायक आणि आपल्याच माणसाविरुद्ध लढवायला लायक. ही चाल जुनी आहे आणि आजही प्रत्येक निवडणुकीत ती आपण पाहतो. बाळूंच्या आयुष्यातून दोन्ही धडे घ्यायचे असतात. त्यांच्या हातून गेलेले राजकारण टाकून द्या; त्यांनी आणि त्यांच्या भावांनी मैदानावर दिलेला लढा आपला आहे. ते चांभार होते आणि आपण बौद्ध, म्हणून तो लढा परका मानण्याइतके आपण कोते होऊ नये. डावलणाऱ्याने कधी आपल्या पोटजाती मोजून डावललेले नाही.

हा रोग फक्त आपल्या देशाचा आहे असेही नाही. अमेरिकेत जो फुटबॉल खेळतात, तो आपल्यासारखा पायाचा नसतो; लांबुळका चेंडू हातात घेऊन, फेकून आणि अंगाला अंग भिडवून खेळतात. त्यात ‘क्वार्टरबॅक’ नावाची एक जागा असते. प्रत्येक चाल त्याच्या हाताने सुरू होते. चेंडू कोणाकडे फेकायचा, डाव कसा बदलायचा हे क्षणात तो ठरवतो. संघाचा मेंदूच म्हणा. तेथील महाविद्यालयांत या एका जागेसाठी दरवर्षी अटीतटीची स्पर्धा चालते आणि गावेच्या गावे तीवर चर्चा करतात. काळ्या खेळाडूंना संघांत घेऊ लागले, तरी कित्येक वर्षे ही जागा त्यांना मिळत नसे. शाळेत क्वार्टरबॅक असलेल्या काळ्या मुलाला महाविद्यालयात किंवा व्यावसायिक संघात सांगितले जाई, ‘तू वेगवान आहेस, तू धाव, तू चेंडू झेल; विचार करण्याची जागा तुझी नव्हे.’ दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांच्या गटात पहिला काळा खेळाडू या जागेवर उतरला तो १९७२ साली, टेनेसी विद्यापीठाकडून कॉन्ड्रेज हॉलोवे. वॉरेन मून नावाचा खेळाडू १९७८ साली विद्यापीठाला मोठी स्पर्धा जिंकून देऊन बाहेर पडला. पण अमेरिकेच्या व्यावसायिक संघांनी त्याला या जागेसाठी निवडलेच नाही. त्याने आपली जागा बदलायला नकार दिला, कॅनडाला जाऊन सहा वर्षे खेळला, तेथे लागोपाठ पाच अजिंक्यपदे मिळवली आणि मग अमेरिकेने त्याला परत बोलावले. १९८८ साली डग विल्यम्स या काळ्या क्वार्टरबॅकने आपल्या संघाला देशातली सर्वोच्च स्पर्धा जिंकून दिली, तेव्हा त्या जुन्या थापेचा बुरखा फाटला. २०२३च्या अंतिम सामन्यात तर दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक काळेच होते. मग इतकी वर्षे ‘गुणवत्ता’ कोठे दडली होती?

डग विल्यम्सबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. तो घडला ग्रॅम्ब्लिंग या काळ्या समाजाच्या महाविद्यालयात, काळ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली. दुसऱ्यांच्या महाविद्यालयात ज्या जागेवर त्याला उभे राहू दिले नसते, ती जागा आपल्या लोकांच्या संस्थेत त्याला मिळाली. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय का काढले, याचे हेही एक उत्तर आहे.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. तेथे राष्ट्रीय संघात काळ्या व अन्य गौरेतर खेळाडूंचे किमान प्रमाण २०१६ साली ठरवण्यात आले. टेम्बा बवुमा कर्णधार झाला तेव्हा ‘कोट्यातला कर्णधार’ म्हणून त्याची किती टवाळी झाली! त्याच बवुमाच्या नेतृत्वाखाली जून २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेने लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटीचे जागतिक अजिंक्यपद जिंकले. जे पद गोऱ्यांच्या अनेक नामांकित कर्णधारांना मिळवता आले नव्हते, ते ‘कोट्यातल्या’ने मिळवले. आरक्षणाने गुणवत्ता मरते, असे म्हणणाऱ्यांनी हा धावफलक घरी लावून ठेवावा.

आता आपल्या खानदेशात येऊ. १९२९ साली मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. धुळ्याच्या रेल्वेमार्गावरील एका गावात अस्पृश्यांवर घातलेल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. महारवाड्यातल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह धरला होता. स्टेशनावर तासभर खोळंबा झाला, कारण महाराला टांग्यात बसवून हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. शेवटी तोडगा निघाला तो असा : टांगा भाड्याने मिळेल, पण हाकणारा तुमचा तुम्ही आणा. पाहुण्याला पायी नेणे लोकांना मानहानीचे वाटले, म्हणून आपल्यातलाच एक जण लगाम धरून बसला. त्याने आयुष्यात टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या फरशीपुलावर चाक दगडाला अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत कोसळले. बाबासाहेबांनी स्वतःच हा प्रसंग लिहून ठेवला आहे. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसापेक्षाही एक टांगेवाला स्वतःला वरचा समजतो, हे त्यातले त्यांचे निरीक्षण आहे.

आपल्या विषयासाठी या प्रसंगात आणखी एक अर्थ आहे. त्या बिचाऱ्या माणसाला टांगा हाकता का आला नाही? तो मंदबुद्धीचा होता म्हणून? नाही. त्याच्या हातात लगाम कधी दिलाच गेला नव्हता म्हणून. आणि अपघात झाल्यावर गावातला एखादा टांगेवाला नक्कीच म्हणाला असेल, ‘बघा, यांना जमत नाही!’ आज महाविद्यालयाच्या मैदानावर हेच घडते. कर्णधारपद का नाही? ‘अनुभव नाही.’ अनुभव का नाही? कारण कधी कर्णधार केलाच नाही. बाळूंना फलंदाजी दिली नाही आणि मग फलंदाजांनाच खेळाची जाण असते असे ठरवले. आधी संधी नाकारायची आणि नंतर त्या नाकारण्यालाच अपात्रतेचा पुरावा म्हणून सादर करायचे. न्यायालयात असा पुरावा कोणी आणला तर न्यायाधीश त्याला बाहेरचा रस्ता दाखवील. शिक्षणसंस्थांच्या निवड समितीत मात्र तो बिनबोभाट मान्य होतो.

वकिलीच्या निमित्ताने दोन्ही जिल्ह्यांतले विद्यार्थी भेटतात. त्यांच्या तक्रारींत एक साचा दिसतो. चाचणीची सूचना आदल्या संध्याकाळी लागते, ती गावाहून एस.टी.ने येणाऱ्या मुलाला कळत नाही. चाचणीत गुण लिहिले जात नाहीत. ‘सरांनी पाहिले’ एवढाच निकष. गेल्या हंगामात एका महाविद्यालयाचा एक कबड्डीपटू भेटला. सलग दोन वर्षे संघाचा मुख्य चढाईपटू, अवघड वेळी प्रत्येक चढाईला हाच. आणि कर्णधार झाला तो संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याच्या नात्यातला, त्याच वर्षी संघात आलेला मुलगा. विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘तू खेळाकडे लक्ष दे, राजकारण करू नको.’ पावरा-भिल्ल समाजातली धावण्यात पटाईत मुले-मुली पदके आणतात. संघाच्या व्यवस्थापकापासून निवड समितीपर्यंत त्यांच्यातले किती जण दिसतात? मुलींच्या संघात तर आपल्या मुलीला चाचणीपर्यंत पोहोचायलाच घर, रस्ता आणि जात असे तीन पहारे ओलांडावे लागतात. आणि गंमत पाहा, भाषेचीही काय गंमत आहे! प्रवेशाच्या यादीत ‘राखीव’ शब्द दिसला की काहींचे डोके उठते. खेळाच्या यादीत मात्र आपल्या पोरांना ‘राखीव’ खेळाडू म्हणून बाकावर बसवताना त्यांना काहीच अडचण वाटत नाही.

‘खेळात जात आणू नका’ हा यावरचा ठरलेला प्रतिवाद. आम्हीही तेच म्हणतो, खेळात जात आणू नका! म्हणून निवडीचे निकष लेखी ठेवा. प्रत्येक खेळाडूला प्रत्येक चाचणीत किती गुण मिळाले ते फलकावर लावा. वरचा खेळाडू कोण आणि त्याला डावलून खालचा का घेतला, याचे एक वाक्याचे कारण लिहा. ज्याची निवड स्वच्छ आहे त्याला कागदाची भीती का वाटावी? सर्व दलित-आदिवासी मुलांना कर्णधार करा, अशी आमची मागणी नाही. जो पात्र आहे त्याच्या आड त्याचे आडनाव येऊ नये, एवढीच मागणी आहे. उद्या स्वच्छ चाचणीत दुसरा मुलगा सरस ठरला, तर आपल्याच मुलाने सर्वांत आधी त्याला हात मिळवावा. पै यांनी सत्य बोलण्याचा जो मोठेपणा दाखवला, तो आपल्यातही असला पाहिजे.

कायदा याबाबत काय सांगतो? संविधानाचे कलम १४ समानतेची हमी देते आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७४च्या रोयप्पा खटल्यात स्पष्ट केले की, मनमानी आणि समानता या एकमेकींच्या वैरिणी आहेत. कलम १५ जातीवरून भेदभावाला मनाई करते, कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली उच्च शिक्षणसंस्थांतील भेदभावाविरुद्ध नियम केले, त्यांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमण्याची तरतूद केली. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. विद्यापीठाकडून आणि शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयांकडून निवडीची कागदपत्रे त्याखाली मागता येतात. साधा दहा रुपयांचा अर्ज आहे, मोर्चाचा खर्चही नाही.

एक गोष्ट वकील म्हणून स्पष्ट सांगतो, कार्यकर्त्यांना ती कदाचित आवडणार नाही. संघातून नाव गळले म्हणून लगेच ॲट्रॉसिटीची फिर्याद, हा मार्ग नव्हे. जातीवाचक शिवीगाळ झाली, अपमान झाला, साक्षीदार आहेत, तर तो कायदा आहे आणि तो बेधडक वापरला पाहिजे. पण जेथे प्रश्न मनमानी निवडीचा आहे तेथे आधी लेखी अर्ज, मग माहिती अधिकार, मग प्राचार्य आणि विद्यापीठाचा क्रीडा विभाग, आणि गरज पडली तर उच्च न्यायालय, ही पायरी आहे. पुराव्याशिवायची तक्रार फेटाळली गेली की पुढच्या दहा मुलांचा रस्ता बंद होतो. तारीखवार वही ठेवा. कोणत्या सामन्यात किती गुण, किती बळी, किती चढाया, कोणाच्या सहीची धावपत्रिका. पालवणकरांच्या बाजूने जर काही निर्विवाद उभे असेल तर ते त्यांचे आकडे आहेत. शंभर वर्षांनीही ते कोणाला खोडता येत नाहीत.

आणि काही काम आपले आपल्यालाही करायचे आहे. आपल्या वस्त्यांत भीमजयंतीच्या वर्गणीतून डीजेवर किती खर्च होतो आणि एका कबड्डीच्या मॅटवर, एका नेटवर, चार जोडी बुटांवर किती, याचा हिशेब मंडळांनी मांडावा. आपल्या वस्तीच्या संघात तरी प्रत्येक पोराला आळीपाळीने कर्णधार करा. नाणेफेकीला जाऊ द्या, पंचांशी बोलू द्या, हरल्यावर संघासमोर उभे राहून का हरलो ते सांगू द्या. नेतृत्व ही सवय आहे आणि सवय आपल्याच अंगणात लागते. चाळीसगावच्या त्या माणसाच्या हाती लगाम आधीच कोणी दिला असता, तर तो पूल सुखरूप पार झाला असता.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम होता. दरवर्षी त्या दिवशी आपले हजारो बांधव भर पावसात लळिंगला जमतात. हा दिवस नेमका महाविद्यालयांच्या निवड चाचण्यांच्या तोंडावर येतो. तेव्हा जळगाव-धुळ्याच्या वकील मित्रांना, शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना आणि जुन्या कलर होल्डर खेळाडूंना माझे जाहीर आवाहन आहे. यंदा तेथे एक टेबल मांडू. दोन्ही जिल्ह्यांतल्या खेळाडू मुला-मुलींची नावे, खेळ आणि कामगिरी नोंदवून घेऊ. प्रत्येक महाविद्यालयाकडे निवडीचे लेखी निकष मागणारा एकच अर्ज तयार करू आणि विद्यार्थ्यांच्या सहीने तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सर्व प्राचार्यांच्या टेबलावर पोहोचवू. उत्तर आले तर उत्तम. नाही आले, तर पुढचा अर्ज कोठे करायचा हे आपल्याला माहीत आहे. शिवराम आणि विठ्ठल या दोन भावांना १९२०मध्ये वृत्तपत्रातल्या एका निवेदनाखेरीज हातात काही नव्हते. आपल्या हातात संविधान आहे.

जयभीम!